श्वानांच्या पाळणाघरात देखरेख कोण करते?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पुण्याच्या पश्चिम भागात, म्हणजे बाणेर, बालेवाडी, वाकड, हिंजवडी या पट्ट्यात, कुत्र्यांना दिवसभर सांभाळणारी ‘डे-केअर’ केंद्रे गेल्या काही वर्षांत गल्लोगल्ली निघाली आहेत. सकाळी साडेआठच्या सुमारास बाणेर रस्त्याला उभे राहिले, तर शाळेच्या बसमागोमाग कुत्र्यांना नेणाऱ्या जाळीच्या गाड्याही जाताना दिसतात. नवरा-बायको दोघेही नोकरीला, सासू-सासरे गावी आणि घरात दहा-अकरा तास एकटा राहणारा कुत्रा, अशी ज्यांची परिस्थिती आहे, त्यांना या केंद्रांचा मोठा आधार वाटतो आणि मीही त्यांच्यापैकीच एक आहे. ही केंद्रे बंद व्हावीत असे मला मुळीच वाटत नाही. परंतु तेथे आपण पैसे मोजतो ते देखरेखीचे, आणि नेमकी ती देखरेख कोण करतो, त्याला काय कळते, एका माणसाकडे किती कुत्री असतात, हे तपासणारे आज कोणीही नाही. हा विषय आपल्या दैनिकातून वाचकांपुढे आणि संबंधित खात्यापुढे यावा, म्हणून जरा सविस्तर लिहीत आहे.

आमचा मण्या हा गावठी कुत्रा. सूस रस्त्यावरच्या एका बांधकामाच्या जागी भर पावसात तो आम्हाला सापडला, तेव्हा जेमतेम दोन महिन्यांचा असेल. आज तो चार वर्षांचा आहे आणि त्याचे वजन १८ किलो आहे. मी बँकेत नोकरी करते. माझे पती त्या काळात घरूनच काम करत असत, त्यामुळे मण्याला एकटे राहण्याची सवय लागलीच नाही. त्यांचे कार्यालय पुन्हा सुरू झाले आणि आमची पंचाईत झाली. मण्याने दाराची चौकट कुरतडली, पायपोस फाडले, आणि खालच्या मजल्यावरचे आजोबा एक दिवस जिन्यात थांबवून म्हणाले, ‘‘तुम्हाला सांगू नये असं वाटत होतं, पण दुपारभर रडतो हो तुमचा कुत्रा.’’ ते वाक्य माझ्या जिव्हारी लागले. त्याच आठवड्यात आम्ही डे-केअरची चौकशी सुरू केली.

पहिले केंद्र आम्ही निवडले ते छायाचित्रे पाहून. हिरवेगार कृत्रिम गवत, कुत्र्यांना डुंबायला लहानसा तलाव, वातानुकूलित झोपण्याची खोली आणि मोबाइलवर दिवसभर पाहता येईल असा कॅमेरा. दरमहा ९ हजार रुपये आम्हाला जडच होते. तरी जेवणाच्या सुट्टीत मोबाइल उघडून मण्या इतर कुत्र्यांत पळताना दिसला, की पैसे सार्थकी लागल्यासारखे वाटे. पाचव्या आठवड्यात एका गुरुवारी दुपारी अडीच वाजता फोन आला, ‘‘ताई, मण्याला थोडं लागलंय. घाबरू नका, पण येऊन जा.’’ मी पोहोचले तेव्हा तो पिंजऱ्यात बसलेला होता, मानेवर हळद थापलेली होती, आणि त्याला सांभाळणारा विशीतला मुलगा माझ्या नजरेला नजर न देता एवढेच म्हणाला, ‘‘खेळत होते ताई, एकदम काय झालं कळलंच नाही.’’

मानेवर दाभणाने टोचल्यासारखी दोन बारीक छिद्रे होती. पशुवैद्यांनी केस भादरले आणि भूल देऊन जखम उघडली, तेव्हा आत तळहाताएवढी कातडी मांसापासून सुटलेली होती. त्यांनी समजावून सांगितले, की सुळा रुततो तेव्हा वर एवढीच खूण उमटते. पण दात रुतलेला असताना चावणाऱ्याने मान झटकली, की कुत्र्याची सैल कातडी त्याबरोबर ओढली जाते, खालचे मांस फाटते आणि लाळेतले जंतू खोलवर जातात. वरून हळद लावलेली अशी जखम दोन-तीन दिवसांनी पू धरते, तेव्हाच घरच्यांच्या लक्षात येते. मण्याला १४ टाके पडले, पाच दिवस जखमेत नळी ठेवावी लागली आणि तीन आठवडे त्याच्या गळ्यात प्लास्टिकचा नरसाळ्यासारखा पट्टा होता. केंद्रात कुत्र्याला कोठेही दात लागला, की जखम वरून कितीही लहान दिसो, त्याच दिवशी पशुवैद्यांना दाखवलीच पाहिजे, एवढे तरी प्रत्येक चालकाने आणि पालकाने मनाशी पक्के करावे.

चालकांनी कॅमेऱ्यातले चित्रीकरण द्यायला खळखळ केली नाही, हे मी नमूद करते. ते मी घरी चार वेळा पाहिले आणि चारही वेळा मला कुत्री खेळतानाच दिसली. पुढे टाके काढायला गेलो, तेव्हा पशुवैद्यांबरोबर बसून पाहिले आणि त्यांनी २ वाजून १० मिनिटांपाशी चित्र थांबवले. मण्या एक निळे पिंप आणि भिंत यांच्या मधल्या कोपऱ्यात उभा होता. शेपूट पोटाखाली गेलेले, कान मागे चिकटलेले, तोंड घट्ट मिटलेले, आणि जीभ सारखी नाकावरून फिरत होती. हस्की या थंड प्रदेशातल्या, दाट केसांच्या जातीचा एक तरुण कुत्रा त्याच्या खांद्यावर पुन्हा पुन्हा पंजे टाकत होता. मण्या तोंड फिरवी, जांभई देई, भिंतीला धरून निसटू पाही, आणि तो हस्की, ज्याच्या मनात वाईट काहीच नव्हते, पुन्हा आडवा येई. दोनदा मण्या जागच्या जागी ताठ झाला. २ वाजून २१ मिनिटांनी तो हस्कीवर धावून गेला. आवाज ऐकून चार-पाच कुत्री तेथे धावली आणि त्यांतल्या एकाने मण्याची मान धरली. म्हणजे ‘एकदम’ काहीही झालेले नव्हते. अकरा मिनिटे तो कुत्रा त्याला येत होते त्या सगळ्या प्रकारांनी सांगत होता, की मला हे नको आहे. आणि ते ओळखणारे माणूस त्या आवारात नव्हते.

मी पडदा थांबवून मोजले. आवारात २२ कुत्री होती आणि माणूस एक. तो मुलगा मोबाइलमध्ये डोके घालून बसला नव्हता आणि झोपलाही नव्हता. नळाशी पाठमोरा बसून तो पाण्याची भांडी घासत होता, कारण ते काम त्याला नेमून दिलेले होते. त्याच्यावर राग धरणे मला जमले नाही. झाडलोट करणे, भांडी घासणे, घाण उचलणे, दर तासाला छायाचित्रे काढून पालकांना पाठवणे, ही सगळी कामे तेथे कामे म्हणून धरली जात. कुत्र्यांकडे नुसते बघत उभे राहणे हे काम आहे, असे कोणी मानतच नव्हते. माझ्या मते सगळ्या दुखण्याचे मूळ येथे आहे. मुलांच्या पाळणाघरात बाईंनी पाठ फिरवून स्वयंपाक केला, तर आपण तक्रार करतो. कुत्र्यांच्या बाबतीत मात्र, खेळायला जागा दिली की ती आपापली खेळतात, अशी आपली समजूत आहे.

कुत्र्यांचा खेळ दिसायला भांडणासारखाच असतो, आणि खरी मेख तीच आहे. पाठलाग, पाडापाडी, मान धरणे, गुरगुरणे हे दोन्हीकडे सारखेच. खेळणारा कुत्रा पुढचे कोपर जमिनीला टेकवून मागचा भाग वर उचलतो, हे बहुतेकांनी पाहिलेले असते. अमेरिकेतील कोलोराडो विद्यापीठातील प्राणिवर्तनाचे अभ्यासक मार्क बेकॉफ यांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दाखवले, की ही खूण कुत्री वाटेल तेव्हा करत नाहीत. चावून मान झटकण्यासारखी, समोरच्याचा गैरसमज होऊ शकेल अशी कृती करायच्या अगदी आधी किंवा लगेच नंतर ती विशेष करून केली जाते, म्हणजे समोरच्याला कळावे की हा खेळच आहे. खेळ नीट चालला असेल, तर पाठलाग करणारा थोड्या वेळाने पळणारा होतो, थोराड कुत्रा आपण होऊन आडवा पडून लहानग्याला वर चढू देतो, मध्ये मध्ये दोघेही थांबून अंग झाडतात आणि पुन्हा सुरू करतात. ही थांबण्याची वेळ नाहीशी झाली, एकच जण सतत पाठलाग करू लागला, आवाज चढत गेला किंवा शरीरे सैलपणा सोडून ताठ झाली, की देखरेख करणाऱ्याने त्याच क्षणी मध्ये पडायला हवे. भांडण लागल्यावर पाण्याचा पाइप घेऊन धावणे ही देखरेख नव्हे. तोपर्यंत ती वेळ टळून गेलेली असते.

हे मी पुस्तकी बोलत नाही. मण्या बरा झाल्यावर आम्ही आणखी चार केंद्रे पाहिली आणि त्यांतल्या एका ठिकाणी, जेथे ना तलाव होता ना कृत्रिम गवत, फक्त मुरूम टाकलेले अंगण आणि आंब्याची दोन झाडे होती, तेथे मला खरी देखरेख पाहायला मिळाली. चाळिशीच्या एक बाई अंगणाच्या मधोमध उभ्या होत्या आणि आमच्याशी बोलतानाही त्यांचे डोळे कुत्र्यांवरून हलत नव्हते. एक बीगल एका तांबड्या गावठी कुत्रीला खाली दाबून वर उभा होता. खेळ आहे की दडपण, हे मला सांगता आले नसते. बाईंनी काही न बोलता बीगलच्या छातीला हात घालून त्याला तीन-चार पावले मागे नेले आणि धरून ठेवले. ती कुत्री उठली, अंग झाडले, आणि सरळ बीगलकडे येऊन पुढचे पाय पसरून वाकली. बाईंनी त्याला सोडून दिले. थोड्या वेळाने त्यांनी हेच एका लॅब्रॅडॉरच्या बाबतीत केले. त्याच्याखाली सापडलेले पिल्लू मात्र सुटताच झाडामागे जाऊन बसले. ‘‘बघा, हिला खेळायचं होतं आणि त्याला नव्हतं. त्यांनाच विचारायचं असतं, आपण ठरवायचं नसतं,’’ असे त्या म्हणाल्या आणि लॅब्रॅडॉरला दुसऱ्या अंगणात घेऊन गेल्या. एवढ्या साध्या गोष्टीला दहा सेकंद लागतात आणि एक रुपयाही लागत नाही. फक्त माणूस तेथे असावा लागतो आणि त्याचे हात रिकामे असावे लागतात.

त्या ठिकाणी कुत्री वजनाप्रमाणे आणि स्वभावाप्रमाणे वेगळी ठेवलेली होती. ही चैन नाही. पाच किलोच्या शिह त्झूने किंचाळून पळ काढला, तर एरवी गरीब असलेल्या तीस किलोच्या कुत्र्यातही शिकारीची ऊर्मी जागी होऊ शकते आणि मग त्याच्या दृष्टीने समोर कुत्रा उरत नाही, पळणारे सावज उरते. आपल्या महाराष्ट्रातला कारवान घ्या. सशामागे धावण्यासाठीच जो पिढ्यानपिढ्या राखला गेला, त्याला पळणाऱ्या पॉमेरेनियनसोबत एका अंगणात सोडून चांगल्या वागणुकीची अपेक्षा करणे हा दोघांवरही अन्याय आहे. गळ्यातले पट्टे आत येताच काढून ठेवायचे असतात, हेही मला तेथेच कळले. मान धरण्याच्या खेळात एकाचा खालचा जबडा दुसऱ्याच्या पट्ट्यात अडकतो, सुटण्यासाठी तो गोल फिरतो, पट्टा पिळला जातो आणि काही क्षणांत दुसऱ्याचा श्वास कोंडतो. फाटक दुहेरी असावे लागते, कारण संध्याकाळी सहा-साडेसहाला पालक यायला लागले, की सगळी कुत्री दाराशी धावतात आणि दिवसभरात झाली नाहीत अशी भांडणे तेथे होतात. खाऊ आणि हाडे घोळक्यात टाकायची नसतात, हे तर कोणीही सांगेल.

विश्रांतीविषयी मात्र थोडे अधिक लिहिले पाहिजे, कारण येथे चूक आम्हा पालकांची आहे. ‘‘घरी आला की दमून झोपतो,’’ ही आपण केंद्राची सर्वांत मोठी पावती समजतो. मोठा कुत्रा एरवी दिवसाचे बारा-चौदा तास झोपेत किंवा पडून काढतो. त्याला आठ तास घोळक्यात जागे ठेवले, तर तो दमतोच, पण त्या दमण्यात ताण किती आणि आनंद किती हे आपण पाहत नाही. ताणलेला कुत्रा संध्याकाळी झोपतो आणि दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये शेजाऱ्यांच्या कुत्र्यावर भुंकू लागतो. मण्याचे तसे होत होते, आणि ‘आता हा धीट झाला’ असा अर्थ आम्ही काढला होता. दुपारी बारा ते तीन प्रत्येकाला वेगळे, अंधाऱ्या आणि शांत जागी झोपवणारे केंद्र कॅमेऱ्यावर कंटाळवाणे दिसते. पालक ‘माझा कुत्रा नुसता झोपलाय’ म्हणून तक्रार करतात आणि चालक त्या तक्रारीला भिऊन कुत्र्यांना पुन्हा बाहेर काढतात. उन्हाळ्यात तर ही विश्रांती जिवाशी निगडित असते. कुत्र्याच्या अंगाचे तापमान मुळातच १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते, त्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही आणि धापा टाकूनच तो उष्णता बाहेर टाकतो. चपट्या नाकाच्या पगला तेही धड जमत नाही. एप्रिल-मेच्या पुण्यात दुपारचे कृत्रिम गवत हात टेकवत नाही इतके तापते. तेथे पग आणि हस्की यांना पळवणे म्हणजे उष्माघाताला आमंत्रण आहे.

रोगराईबद्दल बहुतेक केंद्रे लसीकरणाचे कार्ड मागतात, ही चांगली गोष्ट आहे. पण कार्ड मागणे आणि ते वाचणे यांत अंतर आहे. पहिल्या केंद्रात मण्याच्या कार्डाचा फोटो घेतला गेला. रेबीजची वार्षिक मात्रा कोणत्या तारखेला संपते, हे कोणी पाहिले नाही. पार्वो या पिल्लांना जुलाब-उलट्यांनी जेरीस आणणाऱ्या रोगाचा विषाणू जमिनीत महिनोन्महिने टिकतो आणि नेहमीच्या फिनाइलला दाद देत नाही, त्याला ब्लीचचे द्रावण लागते. घोळक्यात पसरणारा खोकला, ज्याला सगळे ‘केनेल कफ’ म्हणतात, तो लागण झाल्यावर काही दिवसांनी दिसू लागतो, त्यामुळे आज ठणठणीत दिसणारा पाहुणा आठवड्यात सगळे अंगण खोकत ठेवू शकतो. गोचिडांचा ताप आपल्याकडे नवा नाही. रोज सकाळी दाराशीच प्रत्येकाच्या कानामागे, बोटांच्या बेचक्यांत आणि शेपटीखाली बोटे फिरवून पाहिली, तर निम्मा प्रश्न तेथेच सुटतो. पिल्लांचा पेच खरा अवघड आहे. अमेरिकेतील बार हार्बर येथील प्रयोगशाळेत जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी अनेक वर्षे पिल्ले वाढवून १९६५ मध्ये जे मांडले, ते आजही सगळे प्रशिक्षक मानतात, की साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात पिल्लाची जगाशी ओळख झाली नाही, तर पुढे भीती कायमची बसू शकते. आणि लसींची मालिका पूर्ण व्हायला मात्र सोळावा आठवडा उजाडतो. म्हणून पिल्लांना मोठ्यांच्या अंगणात आणूच नये. पहिली लस झालेल्या तीन-चार पिल्लांचा वेगळा, धुतलेल्या फरशीवरचा खेळ, तोही अर्ध्या-पाऊण तासाचा, हा मध्यममार्ग मला पशुवैद्यांनी सुचवला आणि तो पटण्यासारखा आहे.

आता ज्यांच्या जिवावर हे सगळे चालते त्या मुलांबद्दल. मी पाहिलेल्या पाचपैकी चार केंद्रांत कुत्री सांभाळणारी मुले आवारातच राहत होती, सकाळी सातला त्यांचा दिवस सुरू होत होता आणि रात्री मुक्कामाला असलेल्या कुत्र्यांकडे पाहणारीही तीच होती. त्यांपैकी एकालाही कोणी काही शिकवलेले नव्हते. चावा व्हायच्या आधीच घ्यायची रेबीजची प्रतिबंधक लस कुत्र्यांत काम करणाऱ्या प्रत्येकाला मिळायला हवी, परंतु ती आपल्याला मिळाली आहे का, हे त्यांतल्या दोघांना सांगता आले नाही. एकाच्या मनगटावर जुना वण होता. ‘‘भांडण सोडवताना लागला, चालायचंच,’’ तो म्हणाला. ज्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा पुण्याला सर्वांत जवळचा आधार आहे, ते शिरवळचे क्रांतिसिंह नाना पाटील महाविद्यालय येथून तास-दीड तासाच्या अंतरावर आहे. नागपूरच्या महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाने शिरवळला आणि मुंबईत परळला अशा कामगारांसाठी दोन-तीन आठवड्यांचा मराठी आणि हिंदीतून अभ्यासक्रम काढला, त्यात कुत्र्यांची देहबोली, घोळका हाताळणे, प्रथमोपचार आणि स्वतःची सुरक्षितता एवढेच विषय ठेवले, तरी या व्यवसायाचे रूप पालटेल आणि या मुलांना हातात एक प्रमाणपत्र आणि बरा पगार मिळेल.

कायद्याची बाजू मी जमेल तेवढी वाचली. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० चा आहे आणि त्यात पहिल्या गुन्ह्यासाठी लिहिलेला दंड १० ते ५० रुपये आहे. त्याच कायद्याखाली २०१७ मध्ये श्वानपैदाशीचे आणि २०१८ मध्ये पाळीव प्राण्यांच्या दुकानांचे नियम झाले, परंतु त्यांचा भर पैदास आणि विक्री यांवर आहे. दिवसभर घोळक्यात खेळणाऱ्या वीस-पंचवीस कुत्र्यांमागे माणसे किती असावीत, असा प्रश्न समोर ठेवून ते लिहिलेले नाहीत. भारतीय न्याय संहितेच्या २९१ व्या कलमात प्राण्याबाबतच्या निष्काळजीपणाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड आहे, पण ते प्राण्यापासून माणसाच्या जिवाला धोका होऊ नये म्हणून आहे. गुमास्त्याची, म्हणजे दुकाने व आस्थापना कायद्याखालची, नोंद कामगारांसाठी असते. उरतो तो ग्राहक संरक्षण कायदा, २०१९. आम्ही प्रवेशाच्या वेळी सही केलेल्या कागदावर ‘कुत्र्यास कोणतीही इजा अथवा त्याचा मृत्यू झाल्यास केंद्र जबाबदार राहणार नाही’ असे छापलेले होते आणि मण्याच्या उपचारांचा खर्च मागितला, तेव्हा ‘‘कुत्री आहेत, थोडंफार चालायचंच,’’ असे म्हणून तोच कागद आमच्यापुढे ठेवण्यात आला. देखरेखीसाठी पैसे घ्यायचे आणि देखरेखीची जबाबदारी मात्र नाकारायची, असा एकतर्फी करार या कायद्यातल्या ‘अनुचित करारा’च्या व्याख्येत बसतो, असे मला वाटते. त्या कागदाला घाबरून पालकांनी गप्प बसू नये.

इंग्लंडमध्ये १ ऑक्टोबर २०१८ पासून लागू झालेल्या नियमांत कुत्र्यांच्या डे-केअरसाठी वेगळा भाग आहे. तेथे स्थानिक परिषदेचा परवाना लागतो, तपासणी होते, एक ते पाच तारे मिळतात आणि त्यांनुसार परवान्याची मुदत एक ते तीन वर्षे ठरते. कुत्र्याला प्रवेश देण्यापूर्वी तो इतर कुत्र्यांत भेदरतो का, हे पाहणे तेथे बंधनकारक आहे. तेथली सगळी चौकट येथे जशीच्या तशी आणावी असे मी म्हणत नाही. आपल्याकडच्या जागा, हवा आणि खिसे वेगळे आहेत. पण पशुसंवर्धन आयुक्तालय आपल्या पुण्यातच, औंधला आहे. आयुक्तालय, राज्य प्राणी कल्याण मंडळ आणि महापालिका यांनी एकत्र बसून या केंद्रांची निदान नोंदणी सुरू करावी आणि नोंदणीच्या अर्जात चार गोष्टी विचाराव्यात: एका वेळी कुत्री किती, त्यांच्याकडे फक्त पाहण्यासाठी नेमलेली माणसे किती, ती कोठे शिकली, आणि बांधील पशुवैद्य कोण. माझ्या मते एका माणसामागे दहाहून अधिक कुत्री असूच नयेत, आणि तो माणूस भांडी घासणारा नसावा. केंद्राच्या दर्शनी भागावर हा आकडा ठळक लिहिण्याची सक्ती केली, तरी पालक तो वाचून पुढचे पाऊल टाकतील.

तोवर पालकांनी स्वतः पाहावे. सकाळी नऊला सगळी केंद्रे चकचकीत असतात. दुपारी दीड-दोनला, न कळवता जाऊन फाटकाबाहेर पंधरा मिनिटे उभे राहावे. कुत्र्यांकडे पाहू नये, माणसांकडे पाहावे. मधोमध उभे राहून अंगणभर नजर फिरवणारे कोणी आहे का, ते कुत्र्यांना नावाने हाक मारतात का आणि हाक मारल्यावर कुत्रे वळते का, एवढे कळले तरी पुष्कळ झाले. पहिल्या दिवशी आपला कुत्रा थेट घोळक्यात सोडत असतील, तर परत न्यावा. आधी एका शांत कुत्र्याशी, मग दोघांशी अशी ओळख करून द्यायला दोन-तीन दिवस लागतातच. आणि आपल्या कुत्र्याला हे सगळे हवे आहे का, हेही एकदा मनाला विचारावे. पिल्लूपणी सगळ्यांशी खेळणारा कुत्रा दोन-तीन वर्षांचा झाला, की अनोळखी कुत्र्यांबाबत निवडक होऊ लागतो. तो बिघडलेला नसतो, वयात आलेला असतो. अशांना, म्हाताऱ्यांना आणि सांधे दुखणाऱ्यांना घोळक्यापेक्षा दुपारी एकदा घरी येऊन फिरवून आणणारा माणूस अधिक उपयोगी पडतो, आणि त्याचा खर्चही निम्म्याहून कमी येतो.

आम्ही शेवटी तसेच केले. आमच्या सोसायटीतील एक निवृत्त काका आठवड्यातले तीन दिवस दुपारी मण्याला खाली नेतात, आणि सोमवारी व गुरुवारी तो त्या आंब्याच्या झाडांच्या अंगणात जातो. तेथे त्याच्या गटात पाच कुत्री आहेत. गेल्या सोमवारी मी त्याला आणायला थोडी लवकर गेले, तर तो झाडाखाली पाय ताणून झोपला होता, ती तांबडी कुत्री त्याच्यापासून हातभर अंतरावर झोपली होती, आणि बाई अंगणाच्या मधोमध खुर्ची टाकून, हातात काहीही न घेता, त्या दोघांकडे आणि उरलेल्या तिघांकडे पाहत बसल्या होत्या.

कळावे,
आपली नम्र,
एक श्वानपालक,
बाणेर, पुणे